टाचेखालचे लाटणे

मी एक जुने लाटणे आहे. शिसवी लाकडाचे, मध्ये जाड आणि दोन्ही टोकांना निमुळते. मित्रांनो, लाटण्याने आपली गोष्ट सांगायची तर ती पोळ्यांची असावी, असे तुम्हाला वाटेल. मलाही वाटत होते. पण माझ्या गोष्टीत पोळ्या थोड्या आणि एका बाईची टाच फार आहे, त्याला माझा इलाज नाही.

नाशिकजवळच्या एका गावात लाकूड कातून वस्तू घडवणाऱ्या केरबा नावाच्या माणसाने मला घडवले. शशिकलाबाईंनी मला त्याच्याकडून पारखून घेतले. जमिनीवर घरंगळवून, डोळा बारीक करून, मी कुठे वाकडे नाही ना हे पाहून. त्यांच्या हाताखाली माझी उमेदीची वर्षे गेली; एकदा ओट्यावरून पडून माझ्या टोकाला खाच पडली, तीही त्यांच्याच हातून. पुढे त्यांचा मुलगा देवव्रत नोकरीसाठी कतारला आला, त्याचे लग्न झाले, आणि सुनेच्या म्हणजे तेजश्रीच्या बॅगेत साड्यांच्या घड्यांमधून मीही दोह्याला आले. ओल्ड एअरपोर्ट भागातल्या एका फ्लॅटात मी पंधरा वर्षे पोळ्या लाटल्या. तेजश्रीची पोळी जरा जाड असते. असो.

देवव्रत समुद्रातल्या गॅसच्या प्लॅटफॉर्मवर काम करतो. तीन आठवडे तिकडे, तीन आठवडे घरी. एरवी घरात तेजश्री आणि तेरा वर्षांची नुपूर. नुपूरला मराठी सगळे कळते, पण उत्तर इंग्रजीत. तेही 'फाइन' नाहीतर 'लेटर', आणि मग खोलीचे दार बंद. तेजश्री त्या दाराकडे बघत माझ्यावर उगाच जोर काढायची.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी तेजश्रीला सांगितले, साखर काठावर आहे, हालचाल वाढवा. ऑक्टोबरात हवा जरा निवळल्यावर ती संध्याकाळी जवळच्या पार्कात पळू लागली. एके दिवशी घरचे इंटरनेट बंद पडले म्हणून कंटाळून नुपूरही गेली. परत आली ती हसतच. तिला एक शोध लागला होता : पार्कात मराठी कुणालाच कळत नाही, म्हणजे मराठीत वाटेल ते बोलता येते! त्या दिवसापासून मायलेकी पळताना मराठीत बोलायच्या. एकदा नुपूरने पुढे पळणाऱ्या एका माणसाचे पोपटी मोजे पाहून म्हटले, "मम्मा, ते बघ, दोन मिरच्या पळतायत." तो माणूस वळला आणि म्हणाला, "काय गो पोरी, माझ्या बायकोनं हौसेनं घेतलेत ते!" तो निघाला रत्नागिरीचा फैसल, एका क्लिनिकमधला फिजिओथेरपिस्ट. नुपूरची अशी फजिती मी नंतर स्वयंपाकघरात तीनदा ऐकली.

तो एक तास तेजश्रीला जिवापेक्षा प्यारा झाला. शाळेतली भांडणे, मैत्रिणींचे रुसवेफुगवे, बाबा घरी नसताना वाटणारी भीती, सगळे नुपूर त्या तासात बोलायची. दोघींनी जानेवारीतल्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत नावे घातली. उत्साहाच्या भरात तेजश्रीने अंतर भराभर वाढवले. दोनाचे चार, चाराचे सात.

डिसेंबरात तिची टाच दुखू लागली. सकाळी पलंगावरून पहिले पाऊल टाकले की खिळ्यावर पाय पडल्यासारखी ती कळवळायची. चार पावले चालले की कमी व्हायचे, म्हणून ती म्हणायची, काही नाही, आखडलाय. एकदा नुपूर पुढे पळत गेली असताना पार्कात फैसलने तिचे चालणे पाहिले आणि विचारले. घरी येऊन तिने फोनवर नवऱ्याला फैसलचे बोलणे जसेच्या तसे सांगितले, म्हणून मला ते कळले.

"तो म्हणतो, ताई, दोन आठवडे पळणं खलास. पोटऱ्या ताणायच्या. घरातल्या कडक फरशीवर अनवाणी फिरायचं नाही, मऊ चपला घालायच्या. आणि पायाखाली काहीतरी गोल घेऊन फिरवायचं."

"मग कर की तसं," देवव्रत म्हणाला.

"हो, करते," ती म्हणाली, आणि चारांतली एकच गोष्ट केली.

दोन आठवडे थांबले तर नुपूर पुन्हा त्या दारामागे जाईल, ही तिची धास्ती. आणि चपला? शशिकलाबाई हिवाळ्यासाठी दोह्याला आल्या होत्या. गावी त्यांच्या स्वयंपाकघरातच देवघर, त्यामुळे त्यांच्याकडे चपला कायम दाराबाहेर. सासूबाईंना कसे विचारायचे, म्हणून तिने विचारलेच नाही. उरले गोल काहीतरी. ते मी होते.

मित्रांनो, अन्नाच्या वस्तूला चुकून पाय लागला तरी आपण हात लावून नमस्कार करतो. पहिल्यांदा मला जमिनीवर ठेवून तिने पाय ठेवला तेव्हा तिनेही मला आधी नमस्कार केला होता. मग डोळे मिटून टाच माझ्यावर फिरवली, आणि तिच्या तोंडून जो सुस्कारा निघाला, तो ऐकून मी लाजायचे सोडून फुशारले. पंधरा वर्षांत एवढे कौतुक माझे कधी झाले नव्हते! पोळी खाताना लाटण्याचे आभार कोण मानतो?

रोज सकाळी बेडरूमचे दार लावून ती मला काढायची. मी दुखणे तासाभरापुरते बोथट करायचे, आणि ती त्याच पायावर पळायला जायची. माझा उपयोग बरे होण्यासाठी नव्हता, दुखणे लपवण्यासाठी होता. हे मला कळत होते. आज सर्वांत जास्त टोचते ते हेच.

शशिकलाबाई विचारायच्या, "अगं, लाटणं कुठं गेलं?" तेजश्री म्हणायची, "चीर गेली, आई, टाकलं." धडधडीत जिवंत असून मी कपाटात मोज्यांमागे पडून राहायचे आणि बाहेर दुकानातले हलके नवे लाटणे खडखडायचे. नुपूरही विचारायची, "मम्मा, तू लंगडतेयस का? दुखतंय?"

"नाही गं. बूट नवे आहेत."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

शर्यतीच्या सकाळी तिने मला बॅगेत घातले. गाडीजवळ आडोशाला पाय माझ्यावर फिरवून घेतला, बॅग शशिकलाबाईंकडे दिली आणि मायलेकी रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. शशिकलाबाई शेवटच्या रेषेजवळ खुर्चीत बसल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी पाण्यासाठी बॅगेत हात घातला आणि त्यांच्या हाताला मी लागले. त्यांनी मला बाहेर काढले आणि माझ्यावरची ओळखीची खाच अंगठ्याने चाचपली.

तेवढ्यात स्वयंसेवकांच्या छोट्या गाडीतून दोघी आल्या. सातव्या किलोमीटरला तेजश्रीच्या टाचेखाली काहीतरी फटकन तुटले होते आणि ती रस्त्यावर बसली होती. "तू पुढे जा," असे तिने सांगूनही नुपूर थांबली होती. नुपूरचा चेहरा रडून लाल झाला होता. आजीच्या हातातले 'टाकलेले' लाटणे आणि आईचा सुजलेला पाय पाहून ती समजायचे ते समजली.

"किती दिवस?" तिने विचारले.

"महिना झाला असेल," तेजश्री म्हणाली, आणि फैसलचे सांगणे, चपला, लाटणे, सगळे सांगून टाकले.

"मी रोज विचारत होते, मम्मा. एव्हरी सिंगल डे. तू प्रॉमिस केलं होतंस."

शशिकलाबाईंनी सुनेचा पाय मांडीवर घेतला. "मला तरी सांगायचंस. घरात चपला घातल्या असत्यास तर मी नको म्हटलं असतं का गं?"

"तुम्हाला चालत नाही ना, आई."

"विचारलंस का कधी?"

तेजश्रीने पाय मागे ओढून घ्यायला पाहिले, पण त्यांनी तो सोडला नाही.

दोन आठवड्यांचा आराम टाळला, त्याचे सात महिने झाले. आधी पायात मोठा पट्ट्यांचा बूट, मग व्यायाम, मग हळूहळू चालणे. परत जाण्यापूर्वी शशिकलाबाईंनी स्वतः मऊ चपला आणून तिच्या पलंगाशी ठेवल्या. मला त्यांनी स्वच्छ धुतले, तेलाचा हात फिरवला, पण पोळपाटाकडे नेले नाही. मी आता व्यायामाच्या चटईशेजारी असते. त्याचा मला राग नाही. माझे काम गेले ते गेले.

पण मित्रांनो, तेरा वर्षांच्या मुलीला सात महिने म्हणजे फार मोठा काळ असतो. तिला मन मोकळे करायला दुसऱ्या जागा मिळाल्या. आईने "कशी आहेस?" विचारले की ती "फाइन" म्हणते, आणि आईनेच तिला शिकवले आहे की 'ठीक आहे' म्हणताना नजर चुकवायची असते.

तुम्हाला माझे एवढेच मागणे आहे. दुखणे नवे असते, लहान असते, तेव्हाच घरातल्या माणसांना सांगा. त्यांना त्रास होईल, त्यांना चालणार नाही, हे तुमचे तुम्ही ठरवू नका. आणि माझ्यासारखी हाताशी लागलेली वस्तू चार दिवस बरे वाटायला लावते म्हणून तिच्यावर विसंबू नका. मी फक्त एक लाकूड आहे.

काल दिवसभराचे ऊन उतरून संध्याकाळची, मगरिबची बांग झाली तेव्हा तेजश्रीने बूट घातले. फैसलने आठवड्यापूर्वीच पळायची परवानगी दिली आहे, अगदी थोडे, हळू. तिने नुपूरच्या दारावर टकटक केली.

"येतेस का गं? एकच फेरी मारू."

"यू गो, मम्मा. मी बिझी आहे."

ती एकटीच गेली. अर्ध्या तासाने परत आली, चटईवर बसली आणि सवयीने टाच चाचपून पाहिली. टाच अजिबात दुखत नव्हती.