पांढरी पडलेली अंगठी

प्रत्येक घरात एक खर्च असा असतो, ज्याचा जाब कुणी विचारत नाही. कुणाचं अत्तर असतं, कुणाचं जेवणानंतरचं मसाला पान, कुणाला गरज नसताना नवी चप्पल घेतल्याशिवाय बरं वाटत नाही. "एवढं तर चालायचंच" असं म्हणत आपण पाकीट उघडतो, आणि वाचकहो, तुम्हाला अडवणारा मी कोण? माझेही असे एक-दोन शौक आहेत आणि ते मी सोडणार नाही. पण मुकुंदवाडीतल्या रत्नमालाच्या घरी जे घडलं ते कळल्यापासून मी माझ्या शौकांकडं जरा निरखून बघतो. तुम्हीही बघावं, म्हणून ही गोष्ट सांगतो.

रत्नमाला एका पतसंस्थेत कारकून. नवरा बुद्धभूषण चिकलठाण्याच्या एका कारखान्यात, मुलगी मेघा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, आणि देवगाव रंगारीचं घर बंद करून लेकाकडं राहायला आलेली सासू कडूबाई. रत्नमाला तिला आत्या म्हणायची. चार माणसांचं नीटनेटकं घर. भिंतीवर बुद्धांची तसबीर, शेजारी बाबासाहेबांचा फोटो, खाली पुस्तकांचं कपाट. हुंडा, नवस, मुहूर्त असल्या गोष्टींना या घरात थारा नव्हता. रत्नमालाला त्याचा अभिमान होता, आणि तो रास्तच होता.

तिचा स्वतःचा शौक एकच, चेहऱ्याला लावायचं क्रीम.

ते दुकानात मिळायचं नाही. ऑफिसातली सुलेखा तिच्या ओळखीच्या पार्लरवालीकडून आणायची. छोटी पांढरी डबी, झाकणाखाली चंदेरी कागद. डबीवर कंपनीचं नाव नाही, आत काय घातलंय त्याचा उल्लेख नाही. पिरबाजारात आपण वांगं घेताना ते चार वेळा उलटंपालटं करून बघतो, पण या डबीवर काहीच छापलेलं नाही, याचं ऑफिसातल्या एकीलाही काही वाटलं नाही. उलट "बाहेरचा माल आहे, म्हणून लेबल नसतं," असं सुलेखानं सांगितलं आणि डबीचा भाव सगळ्यांच्या मनात आणखी वधारला.

दुपारी डबे उघडले की बायकांचं यावर एकमत व्हायचं. सगळा जन्म घरासाठी झिजायचं, मग एवढंसं स्वतःसाठी घेतलं तर कुणाच्या बापाचं काय गेलं? बरोबरच होतं त्यांचं. शिवाय क्रीम खरोखर लागू पडत होतं. सुलेखाचा चेहरा तर असा उजळला होता की जुनी माणसं तिला पटकन ओळखत नव्हती. टेबलाखाली मात्र ती चपला काढून बसायची. पाय सुजतात म्हणायची, उन्हाळाच तसला आहे. सगळ्या माना डोलवायच्या, कारण उन्हाळा खरंच तसला होता.

शौक कडूबाईलाही होता. निराधार योजनेचे पैसे आले की ती एकटीच स्टेशनकडच्या हॉटेलात जायची, बाकड्यावर निवांत बसून गरम जिलेबी खायची, पदराला हात पुसायची आणि रिकाम्या हातानं घरी यायची. घरच्यांसाठी एक तुकडाही नाही. रत्नमालानं एकदा चिडवलं तर म्हातारी अजिबात शरमली नाही. म्हणाली, "घरी आणली की ती घरची व्हती. तिथं बसून खाल्ली की माझी."

सगळं असं मजेत चाललं असताना मेघाला बघायला पाहुणे आले. मुलगा शिकलेला, पुण्याला नोकरी, घराणं समाजातलंच आणि चळवळीतलं. चहापोहे झाले, गप्पा झाल्या. जाताना मुलाची मावशी दारात थांबून रत्नमालाला हळूच म्हणाली, पोरगी गुणाची आहे, फक्त रंगानं जरा मार खाते. नंतर त्यांच्याकडून फोन आलाच नाही.

रत्नमालानं ते बोलणं घरात सांगितलं, पण मेघाला त्याचं फारसं काही वाटलं नाही. तिला आधी परीक्षा द्यायची होती. रत्नमालाच्या मनात मात्र तो शब्द रुतून बसला. तिलाही लहानपणापासून काळी म्हणूनच हाक मारलेली होती. पाहुणे गेले त्याच संध्याकाळी तिनं स्वतःची डबी उघडली, लेकीला समोर बसवलं आणि तिच्या गालांवर, कपाळावर, मानेवर क्रीम लावायला सुरुवात केली. स्वतःला ती तळहातानं घाईत फासायची, पण लेकीसाठी तिनं पार्लरवालीचा सल्ला पाळला, की क्रीम अनामिकेनं लावावं, त्या बोटाचा दाब हलका असतो. त्याच बोटात रत्नमालाची लग्नातली अंगठी होती. रोज संध्याकाळी ती मायेनं, न चुकता, लेकीच्या तोंडावरून ते बोट फिरवू लागली. आईचा हात होता तो, पोरगी डोळे मिटून बसून राहायची.

पहिल्यांदा बदलली ती अंगठी.

सोन्याच्या कडेला एक पांढुरका डाग आला. रत्नमालानं तो राखेनं घासला, लिंबानं घासला. डाग जाण्याऐवजी पसरत गेला. महिना-दीड महिन्यात अंगठीचा एक अख्खा भाग कथलासारखा दिसू लागला. आता ही अंगठी कडूबाईनं दिलेली होती. देवगावला लोकांच्या रानात कापूस वेचून, पोटाला चिमटा घेऊन तिनं सुनेसाठी ती घडवली होती. रत्नमाला एका सकाळी स्वयंपाकघरात नवऱ्याला म्हणाली, "खरं सोनं असं पांढरं पडत नसतं. आत्यानं तेव्हा खोटी अंगठी घातली माझ्या बोटात. गरिबी होती, तर तसं सांगायचं ना."

बाहेरच्या खोलीत लसूण सोलत बसलेल्या कडूबाईचे हात थांबले. तिनं ते सगळं ऐकलं होतं. त्या दिवसापासून सुनेशी तिचं बोलणं कामापुरतंच राहिलं. घरात एक अवघडलेपण आलं.

त्याच सुमारास मेघाच्या डोळ्यांखाली सकाळी सूज दिसू लागली. जागरण करून अभ्यास करते, असं सगळे म्हणाले. मग पावलं सुजली. मग चेहरा भरल्यासारखा झाला, आणि शेजारची द्वारकाबाई कौतुकानं म्हणालीसुद्धा की पोरगी गोरी झाली आणि अंगानंही भरली. रत्नमाला सुखावली! तिनं त्या आठवड्यात क्रीमचा थर जरा जाडच दिला. पोरगी दुपारची झोपून राहू लागली, जिना चढताना तिला दम लागू लागला. एकदा कडूबाईनं तिच्या नडगीवर अंगठा दाबला, तर तिथं खळगा पडला आणि तो बराच वेळ तसाच राहिला. म्हातारीनं लेकाला सांगितलं की हे काही बरं लक्षण नाही. परीक्षा संपली की डॉक्टरला दाखवू, असं ठरलं.

परीक्षा संपायच्या आधी धान्य भरायचा दिवस आला. दरवर्षी गावाकडून वर्षाचे गहू यायचे. ते गच्चीवर वाळवायचे, निवडायचे आणि किडा लागू नये म्हणून पाऱ्याच्या टिकड्या फडक्यात बांधून कोठीत ठेवायच्या, अशी या घरची रीत. गहू तापून कडक झाले होते. रत्नमाला गच्चीवरच कोठीशी बसली आणि तिनं टिकड्यांकडं हात नेला. कडूबाई दरवर्षी सांगायची तेच तिनं आताही सवयीनं सांगितलं.

"हातातलं सोनं काढ आधी. पारा सोन्याला सोडीत नसतोय, पांढरं फटक करतो."

रत्नमालाचा हात तिथंच थांबला.

दरवर्षी हे वाक्य तिनं ऐकलं होतं. लहानपणी तिच्या आईकडूनही ऐकलं होतं, कानातली फुलं काढून देताना. तिनं आपल्या बोटाकडं पाहिलं. अंगठी तर आधीच पांढरी होती. टिकड्यांना अजून तिनं हातही लावला नव्हता, आणि गेल्या वर्षी धान्य भरताना अंगठी काढून खाली कपाटात ठेवल्याचं तिला स्वच्छ आठवत होतं. मग या बोटाला पारा लागला कुठून? रोज संध्याकाळी हे बोट कशात बुडत होतं?

तिनं गहू तसेच टाकले. ती धावत जिना उतरली. आत मेघा कूस बदलून झोपली होती, गाल सुजलेले, गोरेगोरे.

डॉक्टरांनी लघवी तपासली, रक्त तपासलं, आणि मग चेहऱ्याला काय लावता असं विचारलं. रत्नमालानं पर्समधून डबी काढून टेबलावर ठेवली. डॉक्टर त्या डबीकडं बघत राहिले. त्यांच्याकडं अशी पेशंट पहिलीच नव्हती. डबी तपासायला गेली आणि रिपोर्ट आला. तिच्यात पारा होता, आणि भरपूर होता. पारा कातडीतून आत जातो, काळेपणा दडपतो आणि जाता जाता मूत्रपिंडाची चाळणी फाडतो, असं त्यांनी साध्या शब्दांत समजावलं. मेघाच्या लघवीतून अंगातली प्रथिनं वाहून चालली होती. क्रीम बंद केल्यावर बऱ्याच जणी हळूहळू सावरतात, असं ते म्हणाले. सगळ्या सावरतात का, हे रत्नमालानं विचारलं. डॉक्टरांनी सगळ्याच नाही असं सांगितलं आणि पुढच्या तपासणीची तारीख दिली. रत्नमालाचीही तपासणी करायला लावली. तिच्या अंगातही पारा निघाला, फक्त तिला अजून त्रास सुरू झाला नव्हता.

घरी आल्यावर ती सासूच्या पायाशी बसली आणि ढसाढसा रडली. आत्या, तुमचं सोनं खरं होतं, असं म्हणाली. यापुढं स्वतःवर एक पैसा खर्च करणार नाही, असंही म्हणाली. कडूबाईनं तिला रडू दिलं. मग तिचा चेहरा वर केला.

"असं बोलू नको. शौक कर की. म्या जिलेबी खाती, कुणाची चोरी हाय का? पर जिलेबी मला ग्वाड लागती म्हून खाती. मी कुणापरीस कमी हाय म्हून नाय खात. तू ती डबी आणलीस, कारण तुला तुझंच तोंड नको झालं व्हतं. त्यो शौक नव्हता, रत्नमाला. त्यो दंड व्हता. काळी जल्मल्याचा दंड. तू निमूट भरलास, आन पोरीलाबी भरायला लावलास."

रत्नमालाला वर बघवेना. कडूबाईनं भिंतीवरच्या फोटोकडं हात केला.

"आपल्या माणसांनी लई सोसलं, ताठ मानेनं चालता यावं म्हून. आन कातडी बघून माणूस मोजणाऱ्या बाईला आपण घरात घेतलं, च्या पाजला. इथवर ठीक. पर ती निघून गेल्यावर तिचंच काम तू रोज सांजच्याला करीत बसलीस. अंगठी खोटी म्हणालीस तवा मला लई लागलं. तुझी लेक खोटी हाय, असं तू तिला रोज सांगत व्हतीस. तिला किती लागलं आसंल?"

आत मेघा जागी होती. तिनं सगळं ऐकलं. ती उठून आली आणि आईच्या शेजारी बसली. आईचा तोच हात तिनं आपल्या हातात घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी रत्नमालानं ऑफिसात डबा उघडला नाही. बोटातली अंगठी काढून तिनं टेबलावर मधोमध ठेवली आणि सगळं सांगितलं. एकजण म्हणाली, आमच्याकडं तर काही झालं नाही बाई. दुसरीनं नकळत आपल्या गळ्यातला सोन्याचा मणी चाचपला, पदरानं पुसून उजेडात धरला, तर त्याच्यावरही पांढुरका डाग होता. सुलेखा हसण्यावारी न्यायला बघत होती. रत्नमाला खाली वाकली. टेबलाखाली सुलेखाची उघडी पावलं होती, टम्म फुगलेली, चपलेच्या पट्ट्याचे वळ मांसात रुतलेले.

"सुलेखा, हे ऊन नाहीये गं," ती म्हणाली. "आजच चल माझ्यासोबत."

सुलेखा गेली. तिला दवाखान्यात ठेवून घेतलं. तिचं दुखणं मेघापेक्षा पुढं गेलेलं होतं, आणि आजही मी तुम्हाला ती बरी झाली असं सांगू शकत नाही. पार्लरवालीनं दुकान बदललं. तक्रार दिली आहे, पण तशीच पांढरी डबी आत्ताही कुणाच्यातरी पर्समध्ये असेल, कदाचित तुमच्या घरातल्या कुणाच्या.

मेघाची सूज उतरते आहे. रिपोर्ट अजून पुरता चांगला नाही. तिचा जुना रंग परत येतोय, आणि रत्नमाला रोज सकाळी तो आशेनं बघते. डॉक्टरांनी मीठ तोडलं, गव्हातल्या पाऱ्याच्या टिकड्याही फेकायला लावल्या. कोठीत आता कडुलिंबाचा पाला असतो. सोनार अंगठी साफ करून देतो म्हणाला, पण लेकीचा रिपोर्ट निर्मळ येईपर्यंत ती अशीच राहू दे, असं रत्नमालानं ठरवलंय.

तर वाचकहो, शौक जरूर करा. अत्तर लावा, पान खा, चप्पल घ्या, मनाला कुठलीही बोचणी लावून घेऊ नका. फक्त पाकीट उघडताना एकदा स्वतःला विचारा की हे मी आवडतं म्हणून घेतोय, की मीच मला आवडत नाही म्हणून? दुसरं उत्तर आलं तर पाकीट मिटा. आपल्याच कातडीची लाज आपल्याला पैसे घेऊन विकली जाते, आणि ती लाज आपल्या लेकरांच्या अंगात उतरते.

परवा निराधारचे पैसे आले. कडूबाई नेहमीसारखी पदर सावरून निघाली, दारात थांबली आणि तिनं मेघाला हाक मारली. डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं, साखर नाही. आजी आणि नात स्टेशनकडच्या त्या बाकड्यावर शेजारी शेजारी बसल्या, आणि कडूबाईनं जन्मात पहिल्यांदा दोन प्लेट जिलेबी मागवली.