फायबरबाईची लेक

मंगळवारी सकाळी अकरा वाजता रेवदंड्याच्या कोळीवाड्यातल्या सोसायटीच्या हॉलमध्ये पन्नासेक बायका बसल्या होत्या. बर्फाच्या पेटीत मासळी भरतात तशा, खांद्याला खांदा लावून. समोर भला मोठा टीव्ही, त्याच्याखाली स्टँडवर मोबाईल, मोबाईलसमोर एक रिकामी खुर्ची. टीव्हीला झेंडूचा हार घातलेला, उदबत्तीचा धूर सरळ रिमोटवर.

टीव्हीवर रत्नमाता प्रकटली. सोन्याचं सिंहासन, मागे लाटा, लाटांतून उड्या मारणारे सोनेरी मासे. चेहरा इतका नितळ, की त्यावर माशीही घसरावी.

"कल्याण असो, भगिनींनो!" रत्नमाता म्हणाली. "हा नवपदरी सिद्ध हार सत्ययुगात कुबेराच्या पत्नीने घातला. त्रेतायुगात तो समुद्राने गिळला. कलियुगात तो कुरिअरने येतो! डिलिव्हरी चार्ज माफ!"

बायकांनी हात जोडले.

"सखुबाई पुढे ये. काशीची लेक सखुबाई."

हॉलभर शहारा उठला. आईचंसुद्धा नाव माहीत! साठीची सखुबाई गुडघ्यावर हात टेकून उठली आणि खुर्चीवर जाऊन बसली. टीव्हीवर तिचा चेहरा आला. तिच्या गळ्यात सोन्याची एकदाणी होती, पण टीव्हीत तिथे काळाकुट्ट नाग वेटोळं घालून बसला होता! जीभ लपलपत होती. सखुबाईने मान वळवली तशी नागानेही वळवली.

किंकाळ्या उठल्या. पुढच्या रांगेतली एक बाई मागच्या रांगेत जाऊन पडली.

"जुन्या सोन्यात पूर्वजांचे शाप साठतात," रत्नमाता शांतपणे म्हणाली. "काढ. शुद्धीला पाठव. एकवीस दिवसांत ते सोनं सिद्ध हार होऊन तुझ्याकडे येईल."

सखुबाईने एकदाणी काढली. मोबाईल रिचार्जचं दुकान चालवणारा धनेश आता 'रत्नसेवक' झाला होता. टी-शर्टवर भगवी शाल, कानात ब्लूटूथ. त्याने एकदाणी लाल पिशवीत घेतली, मोबाईलवर काहीतरी दाबलं आणि टीव्हीत नाग गायब झाला. सखुबाईच्या मोकळ्या गळ्यात नवपदरी हार झगमगला. वरून फुलं पडली. दोन मोर नाचून गेले.

"हार आत्ताच तुझ्या गळ्यात आहे," रत्नमाता म्हणाली. "फक्त अजून सूक्ष्म आहे. साध्या आरशात बघू नकोस. आरसा खोटं बोलतो, मोबाईल खरं बोलतो. आणि जिचा विश्वास डळमळेल, तिचं पार्सल परत जाईल."

हॉलच्या दारात उभी राहून सखुबाईची सून नूतन हे सगळं बघत होती. बाजारपेठेत तिचं छोटं ब्युटी पार्लर होतं. नवरीमुलींचा मेकअप करायचा, लग्नाला भाड्याने खोटे दागिने द्यायचे, हा तिचा धंदा. माणूस नसतो तसा कसा दाखवायचा, हे तिच्याइतकं गावात कोणाला कळत नव्हतं. तिला एक गोष्ट खटकली. सासूने पदराने गळ्याचा घाम पुसला, तेव्हा हार पदराखाली गेला नाही. पदरावरच तरंगत राहिला.

घरी जाताना तिने ते सांगितलं.

"देवीचा हार हाय तो," सखुबाई म्हणाली. "कापडाखाली कशाला दडंल?"

नूतनने विषय सोडला.

आणि खरं सांगायचं तर नूतनही घाबरली होती. धनेशने वाड्यातल्या सगळ्या बायकांना 'दोषदर्शना'ची लिंक पाठवली होती. तिने ती उघडली आणि स्वतःच्या मंगळसूत्राच्या जागी नाग बघितला. असली चित्रं कशी चिकटवतात हे माहीत असूनही तिने मंगळसूत्र काढून दोन दिवस खणात ठेवलं. नवरा बोटीवर, समुद्रात. उगाच कशाला विषाची परीक्षा, असं मनाला सांगितलं. मग स्वतःचीच लाज वाटली आणि तिने ते परत घातलं. घालताना मात्र डोळे मिटले होते.

पुढच्या आठ दिवसांत कोळीवाड्यात जे चाललं ते कोणाला सांगून पटलं नसतं. अकरा बायका न दिसणारे हार घालून फिरू लागल्या. सुकट वाळत घालताना त्या पाठ ताठ ठेवून बसायच्या, हार ओट्यावर घासू नये म्हणून. घरातल्या आरशांवर टॉवेल पडले. सखुबाई उताणी झोपायला लागली, कुशीवर वळलं तर मोर दबतील म्हणून. पार्लरमध्ये भुवया कोरायला आलेली एक बाई नूतनला म्हणाली, "दोरा जपून गो. हारात गुंतंल."

दुसऱ्या मंगळवारी आणखी चौदा जणींच्या गळ्यात नाग निघाले. त्यांत बायजा होती. तिची मुलगी अमिषा हिचं लग्न अवघ्या बारा दिवसांवर आलेलं. बायजाने लग्नाचं सगळं सोनं लाल पिशवीत टाकलं: पुतळ्यांची माळ, पाटल्या, नथ. रडत रडत अमिषा पार्लरमध्ये आली.

"वहिनी, आई म्हणते, बोहल्यावर अदृश्य हार घालून उभी राहा. फोटोग्राफरला सांगून ठेवलंय म्हणे, मोबाईलमधूनच फोटो काढायचे."

"सोनं आहे कुठे?"

"धनेशदादाच्या दुकानातल्या कपाटात. आठ दिवस तिथं शांत होतं म्हणे. मग मंगळवारी चार वाजता पांढरी गाडी येऊन घेऊन जाते. तुमच्या सासूबाईंचं गेलं की मागल्या गाडीतनं."

सासूची एकदाणी गेली होती. अमिषाचं सोनं मात्र अजून गावातच होतं.

पार्लरच्या काचेच्या खिडकीत फायबरची एक डमी होती. नूतन तिला ऋतिका म्हणायची. डोकं, मान आणि खांदे. त्यावर भाड्याचे दागिने लावून ठेवायचे. नूतनने मोबाईल तिच्यासमोर धरला आणि दोषदर्शनाची लिंक उघडली. डमीच्या गळ्यात नाग! मग सासूच्या मोबाईलवर आलेली 'हारदर्शना'ची दुसरी लिंक उघडली. डमीच्या गळ्यात नवपदरी हार, फुलं, मोर.

ती धावत घरी गेली आणि सासूला दोन्ही दाखवलं. सखुबाईने नीट बघितलं आणि मान डोलावली.

"बघ! तुझ्या डमीवर खोटे दागिने असतात. नाग निघणारच."

"आणि मग हार कसा आला? तिने कुठे सोनं दिलंय?"

"देवी दयाळू हाय."

नूतन कपाळाला हात लावून बसली. दाखवून भागणार नव्हतं. जे सांगायचं ते रत्नमातेच्या तोंडूनच वदवून घ्यावं लागणार होतं.

दर्शनाआधी प्रत्येकीला मोबाईलवर एक फॉर्म भरावा लागे: नाव, आईचं नाव, अडचण. नूतनने तो भरला. नाव, ऋतिका. आईचं नाव, फायबर. अडचण, केस निघून हातात येतात. तिने यात एकही खोटी गोष्ट लिहिली नव्हती. डमीचा विग सैलच होता.

तिसऱ्या मंगळवारी नूतन आणि अमिषाने शेजारच्या बुधाजी नानांची चाकांची खुर्ची मागून आणली. डमीला शालू नेसवला, ब्लाउजच्या बाह्यांत उशा भरल्या, मांडीच्या जागी गोधडीची गुंडाळी, डोक्यावरून पदर. नूतनने तिचा मेकअप जीव ओतून केला. हॉलमध्ये खुर्ची ढकलत नेताना कोणीतरी विचारलं, "कोण गो ही?"

"पनवेलची पाहुणी. बोलत नाही," अमिषा म्हणाली.

"बिचारी," बायका म्हणाल्या आणि वाट दिली.

खुर्ची मोबाईलसमोर लागली. टीव्हीवर डमीचा चेहरा आला. पण कोणाला काही वेगळं वाटलं नाही. रत्नमातेचा मोबाईल सगळ्यांचेच चेहरे गुळगुळीत करून दाखवायचा. त्यात प्रत्येक बाई प्लास्टिकची दिसे, मग प्लास्टिकची बाई तेवढी ओळखू कशी येणार?

"ऋतिका!" रत्नमातेचा आवाज भरून आला. "फायबरची लेक ऋतिका! तुझी आई फायबर वरून तुझ्याकडे बघते आहे आणि रडते आहे."

बायजाने डोळ्यांना पदर लावला.

"केस निघून हातात येतात ना, बाळ? मागच्या जन्मी तू राजकन्या होतीस. सवतीने तुझ्या केसांवर करणी केली. बघ, तुझ्या गळ्यात काय आहे!"

नाग आला. जीभ लपलपली. किंकाळ्या उठल्या.

नूतन पुढे गेली आणि तिने डमीचा पदर ओढला. पदराबरोबर विगही आला. चकचकीत टक्कल हॉलच्या ट्यूबलाइटमध्ये लखलखलं. उशा घरंगळून खाली पडल्या.

"ही माझ्या पार्लरची डमी!" नूतन ओरडली. "हिची आई फायबर, कारण ही फायबरची आहे! मी फॉर्ममध्ये लिहिलं तेच ती बया वाचते आहे!"

टीव्हीवर रत्नमाता बोलतच होती, "रडू नकोस ऋतिका, केस परत येतील..."

नूतनला वाटलं, झालं, जिंकलो. तेवढ्यात मागून एक बाई म्हणाली, "गो बाय! निर्जीव डमीचापण मागला जन्म सांगितला देवीनं!"

"केवढी शक्ती!" दुसरी म्हणाली.

सात-आठ जणी उठल्या आणि डमीच्या पाया पडायला वाकल्या. पाय नसल्यामुळे त्यांची पंचाईत झाली. शेवटी त्यांनी खुर्चीच्या चाकांना हात लावला. कोणीतरी नारळ आणायला पळालं. धनेशच्या जिवात जीव आला. "बोला, रत्नमातेचा..."

"थांब रे जरा," सखुबाई म्हणाली.

ती उठून उभी राहिली होती. चेहरा उतरलेला. नूतनने तिला असं कधी बघितलं नव्हतं. सासरा गेला तेव्हाही नाही.

"चाळीस वर्सं बाजारात बसते मी," सखुबाई म्हणाली. "गिऱ्हाईक पापलेट घेतं ते कल्ले उघडून, बोटानं दाबून. नुसतं बघून कोण घेत न्हाय. आणि मी हार घेतला नुसता टीव्हीत बघून." तिने बायजाकडे वळून मान पुढे केली. "बायजा, हात लाव माझ्या गळ्याला."

बायजा मागे सरकली. "नको गो. देवीचा हार..."

"लाव म्हणते ना!"

बायजाने दोन बोटं पुढे केली. हळूच टेकवली. मग तळवा ठेवला.

"काय लागतं?"

बायजाच्या डोळ्यांत पाणी आलं. "घाम."

"पंधरा दिवस उताणी झोपते मी," सखुबाई म्हणाली. "पाठ मोडली माझी. सून सांगत होती तर तिच्यावरच डाफरले. माझ्या गळ्यात काय न्हाय, बायांनो. माझं मला कळत होतं. लाजेनं बोलले न्हाय."

मग एकीने शेजारणीच्या गळ्याला हात लावला. दुसरीने तिसरीच्या. बघता बघता पन्नास बायका एकमेकींचे गळे चाचपत होत्या, आणि टीव्हीवरची रत्नमाता टकल्या डमीला केसांसाठी उपवास सांगत होती.

नूतनने मग सगळं उलगडून दाखवलं. मोबाईल कॅमेऱ्यात चेहरा शोधतो आणि हनुवटीखाली चित्र चिकटवतो. बाई असो, डमी असो, नाहीतर शाम्पूच्या जाहिरातीतला फोटो. एका लिंकवर नागाचं चित्र, दुसऱ्या लिंकवर हाराचं. सोनं दिलं की धनेश लिंक बदलतो, एवढाच काय तो चमत्कार. रत्नमाता नावाची बाईच नाही. तो चेहरा आणि तो आवाज कॉम्प्युटरने बनवलेला. आपण फॉर्ममध्ये लिहू ते तो गोड आवाजात आपल्यालाच परत ऐकवतो.

"पोरांच्या मोबाईलमध्ये तुम्ही कुत्र्याचे कान लावून फोटो काढता ना?" तिने विचारलं. "त्या कानांनी कोणाला जास्त ऐकू आलंय कधी?"

आता हशा पिकला. त्या हशाने धनेशच्या शालीची पार रया गेली. तो मटकन खाली बसला.

"मला वाटलं खरंच हाय," तो म्हणाला. "माझ्या बायकोचं मंगळसूत्रपण मागल्या गाडीत गेलंय." त्याची बायको भाविका दुसऱ्या रांगेत होती. ती उठली आणि तिने हात पुढे केला. धनेशने कपाटाची चावी तिच्या हातावर ठेवली.

चौदा लाल पिशव्या परत मिळाल्या. अमिषाने पुतळ्यांची माळ तिथल्या तिथे गळ्यात घातली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली.

चार वाजता पांढरी गाडी आली ती थेट बायकांच्या घोळक्यात. वळवायला गेली तर सुकटीच्या ओट्यात अडकली. ड्रायव्हर हात जोडून म्हणाला की तो फक्त पार्सल उचलतो, मालक कोण ते त्याने कधी बघितलं नाही. पोलीस येईपर्यंत त्याला चहा दिला, तेव्हा त्याने हळूच विचारलं, "ती माता तुम्हाला दिसते का हो? कशी आहे दिसायला?"

पहिल्या अकरा जणींचं सोनं अजून मिळालेलं नाही. तक्रार लिहून घेणाऱ्या हवालदाराने हरवलेल्या दागिन्याचा फोटो मागितला, तेव्हा सखुबाईच्या मोबाईलमध्ये खोट्या हाराचे चाळीस फोटो निघाले आणि एकदाणीचा एकही नाही. ती एकदाणी तिच्या आईने, काशीने, मीठ वाहून साठवलेल्या पैशांतून केलेली होती.

महिन्याभराने बातमी आली की आगरदांड्याला 'सुवर्णमाई' प्रकटली आहे. चेहरा तोच, साडी तेवढी हिरवी. सखुबाईने नूतनला पार्लर बंद करायला लावलं आणि दोघी रिक्षाने निघाल्या. मांडवात गर्दी होती. पडद्यावर एका तरुण मुलीच्या गळ्यात नाग डोलत होता आणि ती कानातलं काढत होती.

सखुबाई तिच्यापाशी जाऊन उभी राहिली.

"पोरी, मी रेवदंड्याची. माझं सोनं हिनंच नेलं," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "देवाला माना, न माना, तुमची मर्जी. पण जी तुमच्याकडं सोनं मागते, तिला आधी प्रश्न विचारा. उत्तर द्यायच्या जागी शापाची भीती घालील, तर समजा ती चोर हाय. घाबरलात म्हणून लाजू नका, मीपण घाबरले होते. पण डोकं वापरा. आणि हात वापरा."

मुलीने पडद्याकडे बघितलं, मग सखुबाईकडे. मग तिने हळूच आपल्या गळ्याला हात लावला, जिथे नाग होता तिथे.