दुसरा ब्रेक

"फुटला!"

सॅन्टन मास्तर डावीकडच्या सीटवरून ओरडले आणि त्यांनी डॅशबोर्डवर थाप मारली. मागच्या चाकाखालून नारळाचं पाणी निघालं आणि गिरीजच्या चढावरून ओघळत, रिचेल बसली होती त्या दगडापर्यंत आलं. सह्यांसाठी आणलेले फॉर्म तिने वर उचलून धरले आणि डावा पाय हाताने उचलून बाजूला ठेवला. तो घोट्यातून वळत नसे.

स्टिअरिंगमागे मनवेलपाड्याची स्वप्ना होती. चाळिशीची, बँकेत अधिकारी. मागच्या सीटवर आपल्या पाळीची वाट बघणारे दोघे शिकाऊ खिदळत होते. दुसऱ्याचा नारळ फुटला की हसायचं आणि आपला फुटला की मान खाली घालून ऐकून घ्यायचं, ही मास्तरांच्या वर्गाची रीत होती.

"बँकेत किती माणसं आहेत हाताखाली, मॅडम?"

"बारा."

"बारा माणसं सांभाळता आणि स्वतःचा एक पाय सांभाळता येत नाही? घरी नवऱ्याला सांगा, पाय पण त्यालाच हलवायला लावा."

मागचे दोघे पुन्हा हसले. मास्तरांच्या जिभेला हाड नव्हतं, आणि त्याचाच त्यांना अभिमान होता. नंदाखालच्या आपल्या वाडीतला सोललेला नारळ ते मागच्या चाकाला टेकवून ठेवत. चढावर थांबलेली गाडी क्लच हळूहळू सोडत, तसूभरही मागे न येऊ देता वर काढायची. जरा मागे आली की नारळाचा चुरा. अठ्ठावीस वर्षांत किती नारळ फुटले याचा हिशेब नव्हता. शिकवायच्या गाडीला असतो तसा दुसरा ब्रेक मास्तरांच्या पायाखाली होता, पण तो नाल्यात जाणारी गाडी थांबवण्यासाठी, असं ते सांगत. नारळ चाकाला चिकटलेला, पापणी लवायच्या आत फुटणार. तेवढ्यात कुणाचा पाय पोचेल?

"सर," स्वप्ना म्हणाली, "आम्ही घेतलेली गाडी इलेक्ट्रिक आहे. तिला क्लचच नाही. मी हे कशासाठी शिकतेय?"

"मग घरी जा आणि मिक्सरवर शिका. तिथेही बटणच फिरवायचं असतं."

स्वप्नाने हँडब्रेक ओढला, दार उघडलं आणि ती खाली उतरली. चढ उतरून रिचेलजवळ आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते.

"माझं नाव काढून टाका," ती म्हणाली. "तुम्ही त्यांच्या कोण?"

"मुलगी," रिचेल म्हणाली.

स्वप्नाने तिच्याकडे, तिच्या पायाकडे आणि शेजारच्या चार चाकांच्या स्कूटरकडे पाहिलं. 

दुपारी जेवताना रिचेलने विषय काढला. ही वाक्यं ती कितीतरी दिवस मनात घोळवत होती.

"महिन्यातलं हे चौथं नाव गेलं, पप्पा."

"जाऊ दे. त्यांना शिकायचं नाही."

"शिकायचंय. त्यांच्या गाड्या बदलल्यात. आपली गाडीही मार्चमध्ये पंधरा वर्षांची होते, नवी घ्यावीच लागणार. इलेक्ट्रिक घेऊ. तुमच्या बाजूला ब्रेक बसवून मिळतो."

"इलेक्ट्रिक!" मास्तरांनी बोंबलाचा काटा ताटाच्या कडेला काढून ठेवला. "जुलैत अर्धी वसई पाण्यात असते, तेव्हा तुझी बॅटरी पोहायला शिकणार काय? काल चार तास लाईट नव्हती. आणि ती गाडी चालू आहे की बंद, ते शेजारी उभ्या माणसाला कळत नाही. इंजिन बोलतं, म्हणून माणूस बाजूला होतो. मुकी गाडी जीव घेईल कुणाचा तरी."

"बोलणारी गाडी काय कमी करते?"

रिचेलच्या आईच्या, सेलिनच्या हातातली पळी पातेल्यावरच थांबली. क्लासला बायकोचं नाव देणारे मास्तर प्रेमळ असतील असं बोर्ड वाचणाऱ्याला वाटे. 'सेलिन मोटार ड्रायव्हिंग स्कूल'. घरात मात्र सेलिनने या विषयावर चौदा वर्षांत तोंड उघडलं नव्हतं.

मास्तरांनी सावकाश पाणी प्यायलं.

"गाडीने काही केलं नाही. तू केलंस. थाप मारल्यावर परत वाकायला कुणी सांगितलं होतं तुला?"

पायाचा तो अपघात चौदा वर्षांपूर्वीचा. तेव्हा ती तेरा वर्षांची होती आणि सुट्टीच्या दिवशी नारळ ठेवायचं काम तिचं होतं. नारळ ठेवायचा, डिकीवर थाप मारायची, बाजूला व्हायचं. थाप ऐकली की मास्तर शिकाऊला म्हणत, सोड. त्या दिवशी हर्षवर्धन नावाचा एक इंजिनीअर मुलगा शिकत होता. तो मास्तरांना उलट उत्तरं देई, म्हणून मास्तरांचा त्याच्यावर दात होता. रिचेलने थाप मारली, बाजूलाही झाली. मग तिला दिसलं की नारळ घरंगळलाय. तो सारखा करायला ती पाय पुढे टाकून पुन्हा वाकली आणि गाडी मागे आली. घोट्याचा चुरा झाला. माझा पाय ब्रेकवर जाईपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं, असं मास्तरांनी डॉक्टरांना सांगितलं, फादरना सांगितलं, गावाला सांगितलं. हर्षवर्धनने हॉस्पिटलात येऊन रिचेलची माफी मागितली आणि पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. दोन महिन्यांनी मास्तरांनी नारळ पुन्हा सुरू केला. तेवढी एक बांबूची काठी आणली, लांबून सरकवायला. गाडीही तीच राहिली.

त्या दिवसाबद्दल रिचेलने स्वतःला कधी माफ केलं नव्हतं. एवढी साधी रीत, आणि ती आपण मोडली.

"आणि शिकवणार कोण तुझी ती बटणाची गाडी?" मास्तरांनी विचारलं.

"मी."

मास्तर खरोखर हसले, ठसका लागेपर्यंत. "तू? क्लच कुठल्या पायाने दाबशील?"

"तिला क्लच नसतो, पप्पा."

"म्हणूनच ती गाडी नाही! लंगड्यालुळ्यांची सोय आहे ती."

सेलिन उठून आत निघून गेली. रिचेलने पर्समधून लायसन्स काढलं आणि मास्तरांच्या ताटाशेजारी ठेवलं. त्यावर तिचा फोटो होता. मास्तरांनी डाव्या हाताने ते उचलून डोळ्यांपासून लांब धरलं.

"कुठे शिकलीस?"

"भाईंदरला. एका क्लासात ऑटोमॅटिक गाडी आहे."

हे मात्र त्यांना लागलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"माझी मुलगी दुसऱ्याच्या क्लासात," ते म्हणाले. "लोकांना सांगितलंस?"

"कुणालाच नाही सांगितलं. आणि गाडीही घेतलीय मी. शनिवारी येतेय."

बराच वेळ मास्तर भातात बोटं फिरवत राहिले. मग त्यांनी आपल्या स्वभावाला साजेशी अट घातली. "रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की चढावर यायचं. नारळ राहिला, तर ऑफिसची चावी तुझी. तू शिकव, मी घरी बसतो. फुटला, तर गाडी परत करायची, आणि मी मरेपर्यंत डावीकडच्या सीटचं नाव काढायचं नाही."

"पुन्हा तो नारळ नको हो," आतून सेलिन म्हणाली. तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

"चालेल," रिचेल म्हणाली. बारा वर्षं तिने दुसऱ्यांचे फॉर्म भरले होते. आता तिला ती सीट हवी होती, आणि त्याहून जास्त, ती पप्पांनी स्वतःच्या हाताने द्यायला हवी होती.

रविवारी फादरनी गाडीच्या बॉनेटवर पवित्र पाणी शिंपडलं. निर्मळच्या बायकांकडून आणलेला झेंडूचा हार सेलिनने पुढे बांधला आणि ती घरी गेली, चढावर आली नाही. मास्तर पांढऱ्या शर्टात, मांडीवर सोललेला नारळ घेऊन डावीकडे बसले. बसताच त्यांच्या पायांनी खाली काहीतरी चाचपून पाहिलं. तिथे नुसती नवी रबरी मॅट होती, दुसरा ब्रेक अजून बसवायचा होता.

"चालू केलीस?"

"केव्हाच."

"हं," मास्तर म्हणाले. "मढं उचलल्यासारखं वाटतंय."

रस्ताभर त्यांचं तोंड बंद नव्हतं. आरसा बघ. एवढं कडेला का घेतेस? हॉर्न दे, तुझी गाडी स्वतःहून बोलत नाही. रिचेल नीट चालवत होती. तिचा उजवा पाय शांत होता, आणि डावा, चौदा वर्षांत पहिल्यांदा, कुणाच्या कामाचा नव्हता म्हणून कुणाला खुपतही नव्हता. एका वळणावर मास्तर काही बोलले नाहीत. टोमणा सुचला नसावा, पण रिचेलला तेवढ्यानेही बरं वाटलं.

चढाच्या ऐन मध्यावर, नेहमीच्या जागी, मास्तरांनी हात वर केला.

"थांब. आधी नारळाशिवाय बघू. नारळ फुकट घालवायचा की नाही ते मला ठरवू दे. ब्रेक सोड."

रिचेलने ब्रेकवरून पाय उचलला.

गाडी केसभर मागे सरकली आणि, चढावर अशा गाड्या स्वतःच ब्रेक धरतात तशी, आपली आपणच थबकली. जागच्या जागी, भिंतीला टेकल्यासारखी. रिचेलचा श्वास सुटला. जिंकल्याचा आनंद चेहऱ्यावर यायला लागला होता. तो घेऊनच तिने पप्पांकडे वळून पाहिलं, आणि तिची नजर खाली गेली.

मास्तरांचा उजवा पाय मॅटवर रुतला होता. टाच वर, चवडा पुढे, गुडघा ताठ. जिथे ब्रेक नव्हता तिथे त्यांनी ब्रेक दाबला होता. गाडी जेमतेम केसभर सरकली, तेवढ्यात तो पाय पोचून, दाबून, ताठ झालेला होता.

रिचेल त्या पायाकडे बघत राहिली.

"छान पोचतो की पाय तुमचा," ती म्हणाली.

"काय?"

"पाय."

मास्तरांनीही खाली पाहिलं. मग पाय सावकाश मागे घेतला, सीटखाली, दिसणार नाही असा.

"सवय आहे," ते म्हणाले. "एवढ्या वर्षांची. गाडी मागे आली की आपोआप जातो."

"आपोआप."

मास्तर समोरच्या काचेतून बघत होते. मांडीवरचा नारळ त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

रिचेलला त्या दिवसाचं एक आठवत असे, जे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. दुखण्याच्या भरात भास झाला असेल असं ती समजत आली होती. घोट्यातून कड् असा आवाज आला, आणि ती किंचाळायच्या आधी, गाडीच्या आतून, आनंदाने ओरडलेला एक शब्द आला होता. फुटला! मग डॅशबोर्डवर थाप. मग कुठे तिची किंकाळी, आणि मग ब्रेक. पाय पोचत नव्हता असं नाही. पाय आवरून धरला होता, हर्षवर्धनची जिरवायला, नारळाचा आवाज कानांवर पडेपर्यंत.

आणि चौदा वर्षं हा माणूस तिला विचारत होता, परत वाकायला कुणी सांगितलं होतं?

"बघितलं मी," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज एकाएकी म्हातारा झाला होता. "थांबते गाडी. चांगली थांबते." त्यांनी शर्टाच्या खिशातून ऑफिसची चावी काढली आणि डॅशबोर्डवर ठेवली. "घे. तूच शिकव."

रिचेलने चावीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"अट नारळाची होती. ठेवा."

"राहू दे, पोरी. झालं ना आता."

"उतरा, पप्पा."

"काठी त्या गाडीत राहिली."

"हाताने ठेवा. मी हातानेच ठेवायचे."

मास्तरांनी दार उघडलं. गाडीला धरत, चढावर पाय रोवत ते मागून वळसा घालून तिच्या बाजूला आले. उजवीकडच्या आरशात रिचेलला त्यांचा पांढरा शर्ट दिसला. साठीतले गुडघे चटकन वाकेनात. एक हात गाडीला लावून ते खाली बसले आणि त्यांनी नारळ चाकाजवळ नेला.

आजूबाजूला आवाज नव्हता. गाडीचाही नाही. मास्तरांनी कान गाडीच्या पत्र्याजवळ नेलेला तिने आरशात पाहिला.

"रिचेल," ते खालून म्हणाले, "गाडी बंद आहे ना?"

काच उघडी होती. प्रत्येक शब्द तिला स्वच्छ ऐकू आला. तिने उजवा पाय ब्रेकवर ठेवला, की फक्त ब्रेकजवळ नेला, ते बाहेरून कुणाला कळलं नसतं.

"रिचेल? बंद आहे ना गं?"

नारळ धरलेला हात चाकापाशी तसाच थांबला होता, आत जात नव्हता आणि बाहेरही येत नव्हता.

"ठेवून झाला की थाप मारा, पप्पा," रिचेल आरशात बघत म्हणाली. "मग सांगते."

बराच वेळ थाप पडली नाही.