नारळाची यादी

आमच्या पाळी गावातल्या 'नवी वाट युवक संघा'त कामं वाटून घेण्याची एक पद्धत आहे. गौरेश अध्यक्ष, म्हणून तो भाषण करणार. मी सुविधा, सचिव, म्हणून मी सगळ्यांवर ओरडणार. आणि काम शीतल करणार. हे कुठे लिहिलेलं नाही, पण गेल्या चार वर्षांत ही पद्धत एकदाही मोडलेली नाही.

त्यामुळे राज्याच्या नव्या युवा धोरणासाठी पणजीच्या एका समितीने गावोगावच्या मंडळांकडून सूचना मागवल्या, विषय 'युवक आणि सामाजिक एकोपा', तेव्हाही सगळं रीतसर झालं. गौरेशने मोबाईलवरचं पत्र मोठ्या आवाजात वाचून दाखवलं, मुदत फक्त महिन्याची आहे म्हणून मी ओरडले, आणि शीतलने वही उघडली.

शीतल माझी बालवाडीपासूनची मैत्रीण. तिचे वडील भिकाजीकाका दोडामार्गाकडचे. खाणीवर टिप्पर चालवायला म्हणून पाळीत आले, खाण बंद पडली तरी राहिले, आता शाळेची बस चालवतात. पठाराच्या पायथ्याशी खाणीच्या जुन्या वर्कशॉपमागे अकरा घरं आहेत, सगळी सिंधुदुर्गातून आलेली. त्या वस्तीला आम्ही 'लाईन' म्हणतो. शीतलचा जन्म तिथलाच. ती माझ्याच बाकावर बसली, माझाच डबा खाल्ला आणि गणितात माझ्यापेक्षा बरे मार्क मिळवले, जे मी तिला अजून माफ केलेलं नाही.

सूचना हवेत लिहायच्या नाहीत, आधी लोकांना विचारायचं, हे शीतलचं म्हणणं. मग आम्ही घरोघरी फिरून एकशे बारा पोरापोरींना विचारलं. संध्याकाळी सातनंतर बस मिळते का, खेळायला मैदान आहे का, गावातल्या कुठल्या मंडळात तुम्ही आहात. लाईनीतल्या सगळ्यांनी शेवटच्या प्रश्नाला 'कुठल्याच नाही' असं उत्तर दिलं. मी सचिवाच्या रुबाबात लिहिलं की स्थलांतरित कुटुंबांतले युवक गावच्या कार्याबद्दल उदासीन आहेत. शीतलने ते वाक्य खोडलं आणि त्यावर लिहिलं, 'त्यांना कोणी विचारलेले नाही.' मला ते जरा झोंबलं, पण वाक्य आटोपशीर होतं म्हणून मी राहू दिलं.

अशी करत करत अकरा पानं झाली. त्यातला तिसरा मुद्दा सगळ्यांत जोरदार होता: गावातल्या संस्थांची दारं गावात राहणाऱ्या प्रत्येक तरुणाला उघडी असावीत, आणि ज्यांची नसतील त्यांना सरकारी अनुदान देऊ नये. गौरेश म्हणाला, हा मुद्दा ऐकून समितीची खुर्ची हलणार. समितीपुढे वाचून दाखवायला प्रत्येक मंडळाला दहा मिनिटं मिळणार होती. सरावाला गौरेश उभा राहिला आणि दुसऱ्या मुद्द्यातल्या मैदानावरून थेट स्वतःच्या गेल्या वर्षीच्या नाबाद बासष्ट धावांवर गेला. दहा मिनिटं तिथेच संपली. मग ठरलं, शीतल वाचणार.

ती आजवर कधी कोणापुढे उभी राहिली नव्हती. आमच्या प्रत्येक कार्यक्रमाचं सूत्रसंचालन ती लिहायची आणि मी म्हणायचे. यावेळी ती नाही म्हणाली नाही. उलट दुसऱ्या दिवसापासून ती कपडे वाळत घालताना, पोदेराकडून पाव घेताना ओठातल्या ओठात मुद्दे म्हणू लागली. भिकाजीकाकांनी त्या दिवसाची रजा मागून घेतली. लेक कशी बोलते ते मागच्या खुर्चीवर बसून ऐकायचं होतं त्यांना. तिला किती हवं होतं ते, हे मला तिने सांगायची गरजच नव्हती.

पणजीला जायला दहा दिवस राहिले असताना समितीचा मेल आला. मंडळाची नियमावली जोडा, आणि बोलणारी व्यक्ती मंडळाची सभासद असल्याचा सचिवाचा दाखला जोडा. मी म्हटलं, एवढंच ना, आणि कपाटातून फाईल ओढली. शीतल प्रिंटरशी झटत होती. गौरेशने नियमावली उघडली आणि सवयीप्रमाणे मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पाचव्या नियमावर येऊन तो अडखळला.

नियम असा होता: 'शिगम्यास मांडावर ज्या घराचा नारळ असतो, त्या घरातील व्यक्तीसच सभासद होता येईल.'

शिगमा म्हणजे आमचा होळीचा सण, आणि मांड म्हणजे आमच्या वाड्यावरची, आमच्या वस्तीतली, त्याची जागा. शिगम्याच्या पहिल्या दिवशी तिथे घरटी एक नारळ ठेवतात. माझे चुलत आजोबा, बाबाजी, यादीप्रमाणे एकेका घराचं नाव घेतात आणि सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालतात. चाळीस वर्षांपूर्वी संघ निघाला तेव्हा वाड्यावरचं कोण आणि कोण नाही हे ठरवायला नारळाच्या यादीपेक्षा पक्की दुसरी यादी नव्हती. तीच त्यांनी नियमात घातली. कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं. पण लाईनीतल्या एकाही घराचा नारळ मांडावर नव्हता, आणि दोन वर्षांपूर्वी नोंदणीचं नूतनीकरण केलं तेव्हा त्याच नियमावलीखाली सचिव म्हणून मी सही ठोकली होती. न वाचता. शीतल चार वर्षं संघात राबत होती आणि संघाची कोणीच नव्हती. वर्गणीची पावती तिला कधी दिली नाही, कारण तिच्याकडून वर्गणी काय घ्यायची, असं आम्ही मोठ्या मनाने म्हणत होतो.

मी संतापले. आधी म्हाताऱ्यांवर, मग गौरेशवर, मग प्रिंटरवर. शीतलने निघालेले कागद मेजावर आपटून सारखे केले.

आम्ही तिघं तडक बाबाजींकडे गेलो. ते सोप्यावर बसून सुपारी कातरत होते. त्यांनी नियम, दाखला, सभा, सगळं ऐकलं आणि एवढ्याशा गोष्टीसाठी धापा टाकत आलात म्हणून आम्हालाच हसले.

"फाल्यां एक नारळ घेवन ये गो चेडवा," ते शीतलला म्हणाले. "मी मांडार ठेवतंय, तुज्या घराचा नाव यादीत घालतंय. मगे तू वाड्यावरची. कित्याक व्हयी सभा नि फिभा?"

गौरेशचा चेहरा उजळला. माझाही उजळला, हे कबूल करते. एका नारळात काम होत असेल तर कोणाला नको? मी मनातल्या मनात दाखल्याचा मजकूरसुद्धा जुळवला.

शीतल म्हणाली, "माज्या बाबान पयल्या वर्सा नारळ हाडलेलो, आजोबा. यादी वाचून सोपली तरी तो थयंच उबो होतो. मगे घराक घेवन इलो नि आमी तो आमटीत वाटलो." तिच्या आवाजात राग नव्हता. "आता माजो एकटीचो ठेवलास तर रवलेल्या धा घरांचा काय? तिसऱ्या मुद्द्यात मगे असा लिवचा लागात, की जेका टायपिंग बरा येता तेका दार उघडा."

बाबाजींचा अडकित्ता थांबला. आपण कोणाचा नारळ कधी परत पाठवलेला नाही, असं ते पुटपुटले. ते खरंही होतं. यादीत नाव नव्हतं म्हणून त्यांनी घेतलं नव्हतं, आणि नाव घेतलं नाही म्हणून भिकाजीकाका पुढे झाले नव्हते. सव्वीस वर्षं दोघंही आपापल्या जागी सभ्यपणे थांबले होते.

म्हणजे नियमच बदलायला हवा होता. त्याला खास सभा, सभेला सात दिवसांची नोटीस आणि हजर सभासदांपैकी दोन तृतीयांश हात. नोटीस शीतलने लिहू नये म्हणून ती मी लिहिली आणि तीनदा फाडली.

सभेला एकतीस जण आले. शिगम्याच्या मिरवणुकीची बैठक सोडली तर एवढी गर्दी मी संघाच्या खोलीत पाहिली नव्हती. सभासद नसलेल्याला सभेत बसता येत नाही, हाही नियमच. त्यामुळे शीतल बाहेर पायरीवर बसली आणि तिच्याबद्दल आम्ही आत बोललो. तिला ऐकू जात होतं. खिडक्या उघड्या होत्या, कारण पंखा बिघडला होता आणि पंखेवाल्याला फोन करायचं काम अर्थातच शीतलकडे होतं.

विठ्ठल उठला. तो आमचा फिरकी गोलंदाज, माणूस चांगला, पण बदल म्हटला की त्याच्या पोटात दुखतं. शीतल आपलीच आहे, तिला कोण नाही म्हणतं, तिला खास म्हणून घ्या, पण नियमाला हात कशाला लावायचा, असं त्याचं म्हणणं. आज संघ, उद्या मांडावरचा ढोल मागतील. शिवाय या नियमाने आजवर कोणाला अडवलंय? बऱ्याच माना हलल्या.

आणि मग गौरेश बोलला. भाषण नाही, एकच वाक्य. "दारात कोण इलोच नाय, मगे अडतलो कोण, विठ्ठल?"

गौरेशकडून एवढं मोजकं बोलणं कोणी ऐकलेलं नसल्यामुळे सगळे पुढचं भाषण सुरू व्हायची वाट बघत राहिले. ती संधी साधून मी उभी राहिले. सांगितलं की नियमाखाली माझी सही आहे, ती मी न वाचता केली, आणि आपण अकरा पानं भरून सरकारला जे शिकवायला चाललोय ते आपल्याच कपाटात नाही. मी ओरडले नाही. ओरडायचं विसरूनच गेले. हात मोजले. एकवीस लागत होते, बावीस वर झाले. बावीसावा विठ्ठलचा होता, अर्धाच वर, पण वर. नियम झाला: 'गावात राहणाऱ्या कोणाही युवकास सभासद होता येईल.'

ठराव लिहायची वेळ आली तेव्हा दोघातिघांनी एकदमच दाराकडे पाहून हाक मारली, शीतल, ये गो, ठराव लिही. त्यांच्या मनात खोट नव्हती. तीच लिहायची नेहमी. मी म्हटलं, नाही, मी लिहिणार. माझं अक्षर म्हणजे कोंबडीने उकिरडा विस्कटावा तसं. पाऊण तास लागला, तोवर अर्धे लोक घरी गेले.

मी कागद घेऊन बाहेर आले. शीतल पायरीवरच होती. तिने ठराव वाचला, दोन शब्द सुधारले आणि छान लिहिलंयस म्हणाली. मी विजयी मुद्रेने तिच्या शेजारी बसले. चाळीस वर्षांचा नियम एका सभेत उडवला, काय वाटतं, असं काहीतरी मी बोलत होते. मग बोलता बोलता म्हटलं, त्या दिवशी गौरेशने नियम वाचला तेव्हा तुला धक्का बसला असेल ना, तू चेहऱ्यावर मात्र काही दाखवलं नाहीस.

"धक्को कसलो?" ती म्हणाली. "ती नियमावली मीच टाईप केललंय."

दोन वर्षांपूर्वी जुनी पिवळी पडलेली वही मीच तिच्या हातात दिली होती. उद्यापर्यंत दे म्हणून वर घाई केली होती. आता सगळं आठवलं.

"पाचवो नियम टाईप करून झाल्यार तुका इचारललंय, ह्यो असोच ठेवचो? तू फोनार होतंस. आसा तसाच टाईप कर, एक अक्षर बदलू नको, म्हणालंस." ती समोरच्या रस्त्याकडे बघत होती. "माका वाटला, तू वाचलंस नि तुका तसाच व्हया."

दोन वर्षं. त्या दोन वर्षांत ती रोज माझ्या शेजारी बसली होती, माझ्यासाठी सूत्रसंचालन लिहीत होती, मला हा नियम मान्य आहे असं समजून. आणि तरी येत होती. 'का येत होतीस' असं मी विचारणार होते, पण विचारायचं तोंड राहिलं नव्हतं. मला लाज वाटली, इतकी की आतापर्यंत ज्यांच्या ज्यांच्यावर ओरडले होते त्या सगळ्यांची माफी मागावी, प्रिंटरसकट.

"मी वाचलं नव्हतं गो," मी म्हटलं. "चुकलं माझं."

"त्या दिवशी गौरेशान वाचल्यार तुजा तोंड बगलंय," ती म्हणाली. "तेवाच कळला."

मग तिने पिशवीतून अकरा पानं काढली. तिसऱ्या मुद्द्याला आपण अजून अडखळतो, जरा ऐकशील का, असं विचारलं. आत विठ्ठल आणि गौरेश खुर्च्या एकावर एक चढवत होते, बराच आवाज होत होता. शीतल उभी राहिली, घसा साफ केला आणि पहिल्या पानापासून वाचू लागली. माझा फोन वाजला, तो मी बंद करून बाजूला ठेवला आणि शेवटच्या पानापर्यंत ऐकत बसले.