धोतराला खोबरेलाचा वास

सोलापूरच्या नव्या पेठेतल्या शिवयोगी अप्पांच्या सुनेचे केस इतके कोरडे झाले होते, की अंधारात विंचरायला बसली तर ठिणग्या उडायच्या. संध्याकाळी लाइट गेली, की तिचा नवरा सोमशेखर जिन्याखालून ओरडायचा, "राजी, जरा फणी फिरव गं, माझी चप्पल सापडंना झालीय!" राजेश्वरी दोन हात फणी ओढायची आणि तेवढ्या उजेडात त्याला चप्पल सापडायची. कधी कधी शेजाऱ्याचीसुद्धा सापडायची.

घरामागं अप्पांच्या टॉवेलांचं गोदाम होतं. तिथून ती चालत गेली, तर हवेत तरंगणारा सगळा कापूस तिच्या डोक्यावर येऊन बसायचा. पलीकडच्या दारातून बाहेर पडेपर्यंत ती सासूपेक्षा म्हातारी दिसायची. एका नव्या गिऱ्हाइकानं तर वाकून पायाला हात लावला होता.

गंमत अशी, की ही करकंबची पोर लग्न होऊन आली तेव्हा तिची वेणी गुडघ्याला टेकत होती. वरातीत पुढं वेणी आणि मागं नवरी, असं पेठेतल्या बायका म्हणायच्या. अप्पा इतके हरखले, की त्यांनी आपल्या मालाचं जुनं नाव पुसून 'राजेश्वरी टॉवेल' असं नवं ठेवलं. आता पाकिटावर सुनेचा फोटो घालायचा, केस मोकळे सोडून, असंही जाहीर केलं. पण छापखान्याची दिरंगाई, मग कुठं सुतक, कुठं अधिक महिना, असं होता होता दोन दिवाळ्या गेल्या आणि गुडघ्याला टेकणाऱ्या त्या वेणीचा काथ्या झाला. यंदा मात्र दसऱ्याचा मुहूर्त ठरला. फोटोवाला ठरला. केस तेवढे राहिले.

राजेश्वरी पार्लरमध्ये गेली. तिथल्या बाईनं वेणीचं टोक चिमटीत धरलं, मेलेलं झुरळ धरावं तसं, आणि म्हणाली, "खांद्यापर्यंत कापू या. खालचं सगळं गेलंय."

घरी आल्यावर अप्पांनीही तेच सांगितलं, आणि मायेनंच सांगितलं. "काप की गं. फोटोत तोंड दिसलं तरी बास."

ते 'तरी बास' तिच्या काळजात रुतून बसलं. कापायचे नाहीत. दसऱ्यापर्यंत काहीतरी उपाय काढायचाच, असं तिनं मनाशी ठरवलं.

सासू गुरम्मा उपायांची खाणच होती. तिनं दही लावायला सांगितलं, तर गल्लीतली मांजरं राजेश्वरीच्या मागं मिरवणुकीनं फिरायला लागली. केळं लावलं, तर मुंग्यांनी उशीत घर केलं. मेथी वाटून लावली, तेव्हा सोमशेखर जेवताना म्हणाला, "आज भाजी काय? मेथी?" ताटात वांगं होतं.

पंचमीला ती माहेरी गेली आणि तिथं नवल झालं. आठवडाभरात केस कुरकुर करायचे थांबले, हातातून पाण्यासारखे सुटायला लागले. राजेश्वरीनं मांडीवर थाप मारली. "पाणी! सोलापूरचं बोअरचं पाणीच खारट!" येताना तिनं करकंबच्या विहिरीचं पाणी कॅनमध्ये भरून एसटीत चढवलं. कंडक्टरनं कॅनांचं अर्धं तिकीट फाडलं, शिवाय खिडकीकडची जागा त्यांनीच अडवली म्हणून कुरकुरला.

त्या पाण्यानं न्हाली. केस परत काथ्या.

मग आईचं तेल आणलं, जास्वंदीची फुलं टाकून उकळलेलं खोबरेल. न्हायच्या आदल्या दिवशी कोमट करून लावलं. केस थोडे शहाणे झाले, पण न्हाऊन वाळले की परत उभे. मग जास्वंदीचं झाडच बादलीत घालून आणलं आणि पाल्याच्या बुळबुळीत रसानं केस धुतले. झाड मजेत होतं. केस नव्हते.

दसरा महिन्यावर आला. आणि एक दिवस अप्पांच्या घाईनं काम केलं. माळशिरसच्या एका लॉजवाल्याची टॉवेलांची मागणी आली, गाडी दारात उभी, आणि गठ्ठे बांधताना गुरम्मानं धुऊन ठेवलेले घरातले टॉवेलही त्यातच गेले. राजेश्वरी मोरीत ओलीचिंब उभी, आणि पुसायला घरात चिंधी नाही. दोरीवर अप्पांचं जुनं धोतर वाळत होतं. सतरा वेळा धुतलेलं, सायीसारखं मऊ. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि ओढलं. घासायला ते कापड तयारच होईना, म्हणून नुसतं केसांभोवती गुंडाळून दाबलं. पाणी टिपलं गेलं. ओलसर केसांच्या टोकांना दोन थेंब तेल चोळलं आणि खालून वर सावकाश फणी फिरवली.

केस वाळले आणि पाठीवर गप पडून राहिले. करकंबला पडायचे तसेच.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. माहेरी पाणी वेगळं, तेल वेगळं, सगळं खरं. पण माहेरी ती आईच्या जुन्या लुगड्यानं डोकं पुसायची. आणि इथं राजेश्वरी टॉवेलानं! अप्पांचा टॉवेल म्हणजे काय चीज होती! ते गिऱ्हाइकाला छाती ठोकून सांगायचे, "पाठीवरनं फिरवला की मागल्या जन्मीचा मळ निघतो!" असल्या टॉवेलानं ती रोज केस खसाखसा पुसत होती, वर पिळून झटकतही होती.

आता हे सांगायचं कुणाला? ह्या घरात टॉवेलाला नावं ठेवणं म्हणजे गाभाऱ्यात उभं राहून देवाच्या नाकाला नावं ठेवणं. राजेश्वरी गप बसली आणि न्हायच्या दिवशी गुपचूप धोतर वापरायला लागली.

पण तेल काही गप बसत नाही. अप्पा दुकानात गादीवर बसले, की गिऱ्हाईक नाक वर करायचं. "अप्पा, कुठं भजी तळायलेत काय ओ?" अप्पा स्वतःच स्वतःला हुंगत बसायचे.

शेवटी एका दुपारी, अप्पा आणि सोमशेखर जेवायला बसले असताना, गुरम्मा धोतर घेऊन समोर उभी राहिली. तिच्या चिमटीत हातभर लांब काळा केस होता.

"ह्यो कुणाचा?"

अप्पांनी आपल्या चकचकीत टकलावरून हात फिरवला. "माझा न्हाय, एवढं नक्की."

"तुमचा न्हाय ते दिसतंयच की! आणि हे तेल? शिवने! ह्या वयात, अत्तर-तेल लावणारी कोण गाठ पडली तुमाला?" रागात माणसाला घरातला वाससुद्धा परका वाटतो.

"अगं, मी गादीवरनं उठतो कुटं?"

"तेच म्हणते मी! गादीवर कोण येतंय?"

सोमशेखरला ठसका लागला. अप्पांचा घास हातातच राहिला आणि त्यांचे कान तांबडे झाले. आयुष्यभर परक्या बाईला टॉवेलसुद्धा मान खाली घालून मोजून देणारा तो माणूस, त्याच्यावर हा आळ! दाराआड उभ्या राजेश्वरीला राहवेना. केस जाईनात का, पण ह्या म्हाताऱ्याची अब्रू जाता कामा नये.

"अव्वा, केस माझा हाय," ती पुढं होऊन म्हणाली.

"तुझा? मग ह्यांच्या धोतराला कसा?"

"मी डोकं पुसते त्यानं."

"का गं?" अप्पांना कंठ फुटला. "ह्या घरात टॉवेलाचा दुष्काळ पडलाय काय?"

राजेश्वरीनं डोळे मिटून घेतले. "टॉवेलानं केस तुटत्यात ओ अप्पा."

खाली पेठेतल्या रिक्षांनीही भोंगे आवरते घेतले.

"अंगाला टॉवेल ब्येस हाय," ती घाईघाईनं म्हणाली. "पण ओला केस नाजूक असतो. त्याला खरवडायचं नसतं, नुसतं टिपायचं. केस म्हंजे काय खरकटं पातेलं हाय का अप्पा, घासून ठेवायला?"

अप्पा ताटावरून उठले. "माझ्या बापाच्या वेळंपासनं हाच माल हाय. आजवर एक बाई बोलली न्हाय!"

"थांबा," गुरम्मा म्हणाली. तिचा आवाज एकदम बदलला होता. "मी बघते."

तिनं भांग मधोमध पाडला. डावी बाजू टॉवेलाला, उजवी धोतराला. पंधरवडाभर निष्ठेनं हा नेम चालला. उजवे केस हळूहळू निवळून कानामागं जाऊन बसले. डावे मात्र बाभळीसारखे ताठ. शेवटी शेवटी तर गुरम्मा देवळात आडवी चालत जायला लागली. डाव्या अंगानं गेली, की ताठ केसांच्या फटक्यानं प्रसादाची पानं उडायची.

पंधरवडा संपला त्या सकाळी ती अप्पांच्या पुढ्यात जाऊन बसली. "माझा अंबाडा नारळाएवढा होता. आठवतंय?"

अप्पांनी मान हलवली. आठवत होतं.

"आता सुपारीएवढा राहिलाय. मी म्हणत हुते, वय झालं, कुणाला काय बोलायचं. वय न्हवं ओ! तुमचा टॉवेल!"

अप्पा त्या दिवशी दुकानात गेले ते टॉवेलच चाचपत बसले. नवा टॉवेल हातात घ्यायचे, गालावरून फिरवायचे, खाली ठेवायचे. संध्याकाळी घरी आले आणि स्वयंपाकघराच्या दारात घुटमळले. दसरा परवावर आला होता.

"राजेश्वरी."

"काय ओ अप्पा?"

"वेणी कापू नको." मग वळता वळता म्हणाले, "आणि पाकिटावर खोटं छापायला मला जमायचं न्हाय."

दसऱ्याला फोटो निघाला. मोकळे केस पाठीवर सोडलेली राजेश्वरी आणि खाली ठळक अक्षरं: 'अंग पुसण्यासाठी. केसांना लावू नये.' पेठेतले व्यापारी पोट धरून हसले. स्वतःच्या मालाला नावं ठेवणारा दुकानदार आमी पहिल्यांदाच बघतोय, म्हणाले. पण झालं भलतंच. ते वाचून गावातल्या बायकांनी टॉवेल डोक्याला गुंडाळायचं सोडलं, आणि घरोघरच्या पुरुषांना जन्मात पहिल्यांदा कोरडा टॉवेल मिळायला लागला. पुरुष एवढे खूश झाले, की माल पुरेना.

धोतरांचं मात्र कठीण झालं. नव्या पेठेपासून पार गावातल्या तळ्यापर्यंत कुठल्याच म्हाताऱ्याचं धोतर दोरीवर टिकेना. कित्येकांनी ह्या वयात पँटी शिवल्या.

एका सकाळी राजेश्वरी गच्चीत केस वाळवत बसली होती. तेवढ्यात खाली मोरीचं दार वाजलं आणि अप्पांची हाक आली. "अगं, माझं धोतर कुटं हाय?"

ते तिच्या केसांभोवती होतं. दुसरं गुरम्माच्या. तिसरं शेजारची निंगव्वा मागून घेऊन गेली होती.

"अप्पा, तासभर थांबा की! तवर टॉवेल गुंडाळा!"

खाली मोरीचं दार परत वाजलं. मग कमरेला कोरा करकरीत राजेश्वरी टॉवेल गुंडाळून अप्पा पाय फाकत फाकत अंगणात आले, दोन पावलं चालले आणि जागच्या जागी उभे राहिले.

"आई गं," ते म्हणाले. "लई टोचतंय की गं हे!"