आवेलिनोचा वळणारा चेंडू

"छिद्रं अंगठ्याकडे ठेव. जोर लावायचा नाही. दाराची मूठ फिरवतेस ना, तसं मनगट फिरवायचं. चेंडू आपला आपण वळतो."

आवेलिनोचं हे बोलणं देओलिंदाच्या कानात अजून तसंच होतं. ग्रोटनच्या गोदीत पाणबुडीवर हजर व्हायला निघताना, एक पाय गाडीत नि एक बाहेर, अशा घाईत त्याने बहिणीला ते सांगितलं होतं. या उन्हाळ्यात वळणारा चेंडू टाकायला शिकवीन, असं त्याने लेकीला, नतालियाला, कबूल केलं होतं. आणि आरमाराने त्याला ठरल्यापेक्षा आधीच बोलावलं. "तू शिकव तिला," तो म्हणाला, आणि देओलिंदा "बरं" म्हणून बसली. उभ्या जन्मात तिने कधी चेंडू टाकला नव्हता. वरच्या मजल्याच्या सज्जात जपमाळ ओढत भावाचा खेळ पाहिला होता, एवढीच काय ती पुंजी.

पाणबुडी एकदा खाली गेली की तिची खबर लागत नाही. भाऊ सुखरूप वर येईपर्यंत कॉफीत साखर घालायची नाही, असं तिने मेरीमातेला सांगून ठेवलं होतं. आता त्या नेमात आणखी एकाची भर पडली. चर्चमधून आलं, कडू कॉफी घेतली, की गॅरेजपुढे घडीची खुर्ची मांडायची आणि लांब उभं राहून तो एका अंगाला छिद्रं असलेला प्लास्टिकचा हलका चेंडू खुर्चीवर टाकायचा.

नतालिया मात्र ढुंकून बघत नव्हती.

"मला पप्पाच शिकवणार. त्यांनी सांगितलंय."

"पप्पा येतील तेव्हा अंगणात बर्फ असेल गं, राणी."

"मग बर्फात शिकेन."

दहा वर्षांची पोर, पण हट्ट अख्ख्या फुर्तादो घराण्याचा. शेजारच्या दुआर्तेंच्या नातवांनी एका शनिवारी तिचे सरळसोट चेंडू एकामागून एक बॅटने कुंपणापलीकडे टोलवले होते, वर खिदळलेही होते. तेव्हापासून ती अंगणात उतरलीच नव्हती. बाप परत येईपर्यंत पोरीच्या मनातून हा खेळच उतरला तर त्याला काय तोंड दाखवायचं, हा घोर देओलिंदाला लागून राहिला होता.

आवेलिनोचा जुना चेंडू कुत्र्याने चघळल्यासारखा ओरखडलेला होता. तो तिने जपून कपाटात ठेवला आणि दुकानातून नवा आणला. मातीत पडतो म्हणून रोज साबणाने धुऊन पुसूनही ठेवू लागली. पण तो नवा चेंडू काही केल्या वळेना.

"देओलिंदा, हा सरळ प्रॉव्हिडन्स शहराला निघालाय का?" कुंपणापलीकडून दुआर्ते म्हणाले. "वाटेत कुठे वळायचं नाव नाही."

"अंगणच उतरतं आहे, दुआर्तेदादा."

"नाचता येईना, दुसरं काय." त्यांनी हात पुढे करून चेंडू मागितला, त्यावरून अंगठा फिरवला आणि तिच्याकडे पाहिलं. "धुतेस की काय हा?"

"रोज. साबणाने."

दुआर्ते हसता हसता कुंपणाला टेकले. "अगं बाई, नवा चेंडू आणला की आवेलिनो आधी रस्त्यावर घासायचा. खरबरीत झाल्याशिवाय हा मनासारखा वळत नाही. इतकी वर्षं वरून बघतेस आणि एवढं दिसलं नाही तुला?"

"घासायच्या वेळी जपात माझे डोळे मिटलेले असायचे," देओलिंदा खरं ते बोलली.

चांगली वस्तू हाताने खराब करायची म्हणजे तिच्या जिवावर आलं. पण गुडघे टेकायची सवय होतीच. गॅरेजपुढच्या सिमेंटवर ती बसली आणि आधी मनातल्या मनात क्षमा मागून चेंडू घासू लागली. मग उठून टाकला. तो सरळ निघाला, मध्येच डावीकडे वळला आणि खुर्चीच्या पट्ट्यांवर टपकन आदळला.

रात्री कोबीच्या पानांचं सूप फुंकत नतालिया म्हणाली, "तुझा हात फार वर जातो. पप्पांचा कमरेपाशी असतो."

"बघतेस होय?"

"खिडकी उघडी होती."

"मग ये ना खाली."

नतालियाने चमचा वाडग्यात दोनदा फिरवला. "दुआर्तेकाकांना चकवून दाखव. खुर्चीला लागला पाहिजे. मग शिकेन तुझ्याकडे."

"शब्द?"

"शब्द."

शनिवारी दुआर्ते पिवळी बॅट घेऊन खुर्चीपुढे उभे राहिले. नातू कुंपणावर चढून बसले. नतालिया पायरीवर, हनुवटी गुडघ्यांवर टेकून.

"प्रार्थना आटप, मग टाक," दुआर्ते म्हणाले.

"आटपूनच आलेय."

पहिला चेंडू त्यांनी कुंपणापलीकडे घालवला. दुसरा तिच्याच टोमॅटोच्या वाफ्यात शिरला. नातू हसले. देओलिंदाने या वेळी हात कमरेपाशी आणला आणि मूठ फिरवावी तसं मनगट फिरवलं. चेंडू थेट दुआर्तेंच्या पोटावर निघाला. ते पोट आत ओढून मागे सरले. आणि चेंडू त्यांच्या समोरून बाजूला वळून खुर्चीत जाऊन पडला.

"अंगावर येत होता की," दुआर्ते पुटपुटले.

"आजोबा, तुमचं पोटच वाटेत येतं," एक नातू म्हणाला.

देओलिंदाने पायरीकडे पाहिलं. नतालिया उठली आणि घरात निघून गेली. बापाचा चेंडू दुसऱ्या कुणाच्या हातून वळलेला बघवला नसेल पोरीला? जेवतानाही देओलिंदाने विषय काढला नाही. दिलेल्या शब्दाची आठवण करून दिली की त्याचं ओझं होतं. तिने रात्रीच्या जपात भावाच्या नावाशेजारी पोरीचंही नाव घेतलं आणि दिवा मालवला.

रविवारी पहाटेच्या प्रार्थनेहून ती परतली तेव्हा घर निजलेलं होतं. नतालियाची आई रुग्णालयातली रात्रपाळी करून नुकतीच आडवी झाली होती. कॉफीचा पेला घेऊन देओलिंदा खिडकीशी आली. खाली मागचं दार हळूच उघडलं. नतालिया अनवाणी बाहेर आली. भिंतीला टेकवलेली घडीची खुर्ची तिने दोन्ही हातांनी उचलली, खुर्चीचे पाय सिमेंटवर घासून आईची झोपमोड होऊ नये म्हणून छातीशी उंच धरली, आणि दवाने ओल्या गवतातून, आत्याच्या रोजच्या जागी मांडायला, गॅरेजच्या दिशेने चालू लागली.