अठरा ते चाळीस

"ताई, जाहिरात आज तरी दिसेल का हो?" घड्याळवाले काका फोनवर विचारत होते. सलग सहावा दिवस.

"दिसेल हो काका. बघत राहा," ताई म्हणाली आणि फोन असा आपटला की शेजारचा मुद्रितशोधक दचकला.

धडधडीत थाप होती. प्रकाशनाच्या त्या कचेरीत ताईने सव्वीस वर्षं पार्सलं बांधली, हाताने पत्ते लिहिले. वर्षापूर्वी धाकट्या मालकांनी तिला संगणकापुढे बसवलं. पुस्तकाचं चित्र, दोन ओळी, खाली 'इथे दाबा' असं निळं बटण, आणि ही जाहिरात लोकांच्या मोबाइलवर सोडायची. कुणाला दाखवायची तेही भरायचं. वयाच्या चौकटीत मालकांनी स्वतः भरलं होतं, अठरा ते चाळीस.

काका चौऱ्याहत्तरचे. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली आणि ती घेऊन येणाऱ्या माणसांवर पुस्तक लिहिलं. ती माणसंही आता सत्तरीच्या घरातली. म्हणजे ज्यांच्यावर पुस्तक, नेमकी तीच वगळलेली. ताईच्या तळपायाची आग मस्तकात जायची ती इथे. तिने काकांना जाहिरातीचं चित्र पाठवलं होतं, पण काकू म्हणाल्या, "हे तर त्यांनी तुम्हालाच पाठवलंय. बाहेर कुणाला दिसतंय का?" तेव्हापासून काका मोबाइल घेऊन बसलेले.

त्या संध्याकाळी कचेरी बंद करताना ताईने वयाची चौकट पुसली. लिहिलं, साठच्या पुढे. म्हटलं, होऊन जाऊ दे काय व्हायचं ते.

सकाळी काकांचाच फोन. "दिसली ताई! हिला दाखवायला उठलो तोवर वर सरकून गेली. पण येईल ना परत?"

जाहिरातीखाली लोकांनी लिहिलंही होतं. अकरा जणांनी. ताईने मोठा कागद ओढला आणि पार्सलावर लिहायची तशा ठसठशीत अक्षरात सगळं उतरवून घेतलं. काकूंना बारीक दिसत नसे.

ती उतरवतेय तोच धाकटे मालक आले. "हे काय करून ठेवलंत? बटण दाबणारे ढीगभर, पुस्तक मागवणारा एक नाही. म्हाताऱ्यांना काय, नुसती बोटं चालवायची."

"ते फोन करून मागवतात, साहेब. तशी सवय असते. दोन दिवस तरी थांबा."

"मला शिकवू नका."

त्यांनी उभ्या उभ्याच जाहिरात काढून टाकली. खालच्या अकरा जणांसकट. ताईला वाटलं, तो संगणक उचलून यांच्या पायावर टाकावा. सव्वीस वर्षं तोंड मिटून राहिल्याचाच तिला संताप आला. तिने कागदाची घडी घातली आणि पिशवी उचलली.

"निघालात कुठे?"

"पार्सल द्यायला," ती म्हणाली आणि वळूनही न बघता बाहेर पडली.

काकांच्या घरी काकूंनी कागद खिडकीशी धरून मोठ्याने वाचला. "'आईचं घड्याळ तुम्ही चालू करून दिलं होतं. आई गेली. घड्याळ चालू आहे.'" मग नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "अहो, हे खरंच बाहेरचे लोक आहेत."

"मग सांगत काय होतो मी," काका म्हणाले.

शेवटची ओळ होती, 'दुकान बंद दिसलं. तुम्ही आहात ना?'

"याला कळवायला हवं," काका म्हणाले. "कुठे लिहायचं?"

"जाहिरात काढून टाकली, काका. आता तिथे काहीच नाही." हे मात्र ताईने खरं सांगितलं. "आणि हे विचारणाऱ्याने नावाच्या जागी नुसतं 'आजोबा' लिहिलं होतं."

काकांना ते पटलंच नाही. माणसाने विचारलंय, तर उत्तर नको का द्यायला? त्यांनी खणातून एक कार्ड काढलं, भिंगाखाली धरलं आणि बारीक नीटस अक्षरात लिहिलं, 'आहे.' खाली सही केली.

"पत्ता तुम्ही घाला," ते म्हणाले. "तुमचं अक्षर चांगलं आहे."

ताईने कार्ड घेतलं, उलटं केलं, पेनाचं टोपण काढलं आणि ती तशीच बसून राहिली.